शेवटची दहा मिनिटं

ओउलूत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
मी कपाटातून तीच कॅसेट काढते.
पाठीवर तुझं तिरकं अक्षर : पुसू नये.
हे तू नंतर लिहिलंस, ओशाळून.

तो बेकरीवाला. ती उंचीला घाबरणारी टपालबाई.
भलत्याच दारात पोचलेला केक.
संवाद मला त्यांच्याआधी येतात,
तिच्या वाट्याची शिंकसुद्धा मीच देते.

मग ती स्टेशनात धावत सुटते,
तो वळतो,
आणि
खर्रर्र.
बर्फावर शिरस्त्राणं घातलेले दांडगे बाप्ये, हॉकीच्या काठ्या घेऊन.

चार दिवस बोलले नव्हते तुझ्याशी, ताइस्तो.

परवा यार्मोने डिस्क आणून दिली, अख्ख्या सिनेमाची.
पाहिली.
भेटतात. चुंबन. वर व्हायोलिनं.
एवढंच होतं होय?
बाविसाव्या मिनिटापासून तर रंगही खोटे वाटले.

आज पुन्हा कॅसेट.
ती धावते, तो वळतो, खर्रर्र,
सामन्याचे एकोणचाळीस सेकंद उरलेत,
आणि मला, जिला ऑफसाइड अजून कळत नाही,
ठाऊक आहे कुठून येणार आहे चकती.

गोल!
मी उठून ओरडते.
खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकतं,
तुझ्यासाठी ठोकायचं
तस्संच.