पाठीनं चालणारी

कार्तिकात उकिरडा उपसला तेव्हा
फावड्याच्या पात्यावर आल्या सात-आठ,
पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या, अर्ध्या वळलेल्या.
मष्णूभावजी म्हणाले, हुमणी.
निंगव्वा म्हणाली, गोण्णे हुळ.
दोघांचं एकमत, चुना टाका.

मी एक तळहातावर घेतली.
हुमणी कुशीवर पडून राहते, पोटात कळ आल्यासारखी.
ही उताणी झाली,
सहा पाय आभाळाकडे, कुठल्याच कामाचे नाहीत,
आणि पाठीवरच्या बारीक केसांनी सरकत
मनगटापर्यंत आली.
म्हटलं, ही मुळं खाणाऱ्यांतली नव्हे.
शेण खाते, कुजका पाला खाते,
उसाच्या वाटेला जात नाही.

डालड्याच्या डब्यात खत भरून चार सोडल्या,
झाकणाला खिळ्यानं भोकं.
बाकीच्या कोंबड्यांना. खोटं कशाला बोलू.

पौषात एकदा पाणी शिंपडलं, मग विसरले.
शिमग्यानंतर डबा उघडला तर
खताच्या मुगाएवढ्या गोळ्या झालेल्या
आणि तळाला मातीची तीन बोरं,
बाहेरून ओबडधोबड.
एक माझ्या हातून फुटलं.
आत ना अळी ना भुंगा,
मेणाच्या रंगाचं काहीतरी, पाय छातीशी घडी घालून.
शेपटाकडून जरासं हललं.
मी झाकण लावलं.
अशा वेळी काय बोलायचं असतं
मला कुणी शिकवलेलं नाही.

वैशाखात, भर दुपारी, माळ्यावरून टकटक.

दोनच निघाले.
चिंचेनं घासून पुसायचं राहिलेल्या तांब्यासारखे,
मधेच हिरवे,
पाठीवर चुन्याचे शिंतोडे.
उडताना वरची कवचं उघडत नाहीत,
कडेच्या फटीतून पंख काढतात.
दार न उघडताच घराबाहेर.

कुठं जातील, हलशीकडे, की नंदगडच्या बाजाराला?
कुठंच नाही. मागच्या परड्यात,
जिथं पोत्याखाली बरका फणस पिकत घातलेला
खानापूरच्या पाहुण्यांसाठी.
संध्याकाळी पोतं उचललं:
फणस उललेल्या जागी दोघं डोकं खुपसून,
मागचे पाय तेवढे बाहेर,
आंबूस गोड वास.

कुंपणावरून निंगव्वा, "एनव्वा, काय बघतीस?"
"फणस पिकलाय की," मी म्हटलं
आणि तेवढा तुकडा कापून, भुंग्यांसकट,
उकिरड्याच्या कडेला ठेवला.

त्यातली एक मादी असावी.
नक्की माहीत नाही.