गाडी नेऊ की नको

किर्गिझस्तानात म्हणे उन्हाळ्यात
घोडे डोंगरावर चरायला सोडतात, हजारांनी,
दावं नाही, गळ्यात लोढणं नाही.
सव्वीस वर्षं मी गुरांना सुया टोचल्या
घाटंजी तालुक्यात. आता रिटायर झालो,
तर एकदा ते कळप पाहायचे,
आणि जायचं मोटारसायकलवर.
इथवर घरात कुणाची हरकत नाही.
भांडण पुढचं. कुठल्या?

प्रणोती म्हणते, बाबा, तिथे भाड्यानं मिळते.
दिवसाचा दर, हेल्मेट फुकट,
बिघडली तर त्यांची डोकेदुखी.
आपली न्यायची तर पेटीत घाला, जहाजात चढवा,
कस्टमचे कागद, बँकेची हमी.
तिनं हिशेब काढून दाखवला.
माझ्या गाडीचे भंगारवाला अकरा हजार देतो,
तिच्या नुसत्या कागदांना साठ लागतात.
बरोबर आहे, म्हटलं,
आणि रात्री उठून ओट्यावर जाऊन बसलो.

टाकीवरचा पोचा कुर्लीच्या गोऱ्ह्याचा.
मागे लसीच्या डब्याचा कठडा, दोनदा वेल्डिंग.
तिसरा गिअर टाकताना टाच जरा आत घ्यावी लागते,
हे मला माहीत आहे आणि तिला.
पारव्याच्या नाल्यात एकदा ती वाहून गेली, शंभर पावलं,
आणि बाभळीला अडकून माझी वाट पाहत राहिली.
सुमित्रा दारात आली.
"काऊन बसले इतक्या राती?
तिले पासपोर्ट काढता का आता?"

रज्जाक म्हणाला, "न्या ना साहेब, इंजन खोलून नवं करून देतो.
पण तिथं बिघडली तं
रज्जाक कुठून आणसान?"
तरी त्यानं खोललं. बघू तर खरं म्हणून.

त्याच रात्री मोहद्याचा गजू टेकाम आला.
म्हैस अडली, रेडकाचा पाय मागे,
डॉक्टर यवतमाळला.
त्याचे हात थरथरत होते, किल्ली मी घेतली.
पुतण्याची गाडी. उंच. सात हप्ते बाकी.
ब्रेक बोट लावताच चावायचा.
पहिल्या वळणावर टाच सवयीनं आत गेली
आणि गिअर पडलाच नाही.
दोन किलोमीटर आम्ही एकमेकांना शिव्या घातल्या.
मग चढावर ती ऐकू लागली,
की मी, कोण जाणे.
सागाच्या अंधारातून एक रोही आडवा गेला,
आम्ही दोघं बरोबर थांबलो.

गोठ्यात कोपरापर्यंत हात घातला.
आत कोमट, चिकट, ओळखीचा काळोख.
म्हैस अनोळखी होती.
पाय सापडेपर्यंत एवढंच डोक्यात फिरत होतं,
की सव्वीस वर्षांत
यातलं एकही जनावर माझं नव्हतं.

पहाटे रेडकू उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं.
गजूच्या बायकोनं काळा चहा दिला, साखर जास्त.

सकाळी रज्जाककडे गेलो.
परातीत डिझेल, डिझेलात पिस्टन,
वर्तमानपत्रावर तिचे नटबोल्ट, ओळीनं मांडलेले.
"चार दिवसांत उभी करतो," म्हणाला.
म्हटलं, महिना लाव.
मी नसताना रोज एकदा किक मारजो तिले,
चालवू नको, फक्त किक.

प्रणोतीच्या फोनवर तिथल्या दुकानदाराचा निरोप आला होता.
उंची किती? किती वर्षं चालवता? नवी हवी की जुनी?
लिही, म्हटलं. पाच फूट चार.
सव्वीस.
जुनी.
खोड असली तर असू दे.
कोणती, ते विचारू नको,
रस्त्यात कळेल.