पलंग अकरा, रात्रपाळी

अडीचला पडद्यावर पिवळी पट्टी उमटली:
अकरा नंबर. वैती, नीरा. वय त्रेसष्ट.
दोन दिवसांत मूत्रपिंड रुसेल.
रुसेल असं संगणक म्हणत नाही,
तो नुसता आकडा देतो. रुसणं माझं.

परळच्या या चौथ्या मजल्यावर
एकवीस वर्षं मी पिशव्या मोजतेय.
गुडघ्यावर बसायचं, डोळा रेघेला आणायचा,
मग मिलीलिटर.
आधी कागदावर लिहायचे, आता एका बोटानं टंकते.
नवीन पोरी हसतात. हसू देत.

नीरामावशी घोरतेय. माहुलच्या खाडीवरची बाई.
कंबरेसाठी रोज दोन गोळ्या, औषधवाल्यानं दिलेल्या,
घरून डबीतून आणलेल्या,
त्यावर आमचं जेंटाचं इंजेक्शन,
त्यावर सकाळी औषध टोचून काढायचा सीटी स्कॅन.
क्रिएटिनिन परवा पॉइंट आठ, आज एक.
दोन्ही आकडे शहाण्या मुलांसारखे
आपापल्या पानावर गप्प.
त्यांना एका बाकावर बसवलं कुणी नव्हतं.

डॉक्टर गायधनी डोळे चोळत आला.
"सिस्टर, ही पट्टी दिवसातून चाळीसदा लागते."
लागते. काल सात नंबरला तिनं उगाच पळवलं.
"पिशवी बघा," मी म्हटलं.
चार तासांत सत्तर.
तो खाली बसला. स्वतः रेघ पाहिली.
मग गोळ्या खोडल्या, जेंटा थांबवलं,
सलाइन लावलं, स्कॅनवाल्यांना झोपेतून उठवलं.

याच पलंगावर पागधरे होते, नऊ वर्षांपूर्वी.
साठ, तीस, दहा.
मी समासात लिहिलं होतं,
दहाचा आकडा दोनदा गिरवून.
बेरीज कुणी केली नाही.
मीही नाही.
मागल्या साली तळघरातून ते कागद पोत्यांनी वर आले,
कंत्राटी मुलींनी भरून टाकले, नावं गाळून.
त्यावरच हे यंत्र शिकलं म्हणतात.
म्हणजे आजच्या पिवळ्यात
चिमूटभर पागधरे असतील.
असतील का? विचारणार कुणाला.

उजाडताना नीरामावशी लेकीला सांगत होती,
"रातभर पानी पी, पानी पी!
डोल्याला डोला लागू दिला नाय मेलीनं."
मी खाली वाकले. डोळा. रेघ.
तासाभरात एकशे दहा.
एका बोटानं टंकलं.
काय घडलं नाही, ते लिहायला रकाना नाही.
पिशवी रिकामी केली,
हात धुतले,
बारा नंबरकडे वळले.