जगाचं बूड

होबार्ट, जुलै. नकाशात बघाल तर
आम्ही जगाच्या बुडाशी राहतो,
त्याच्याखाली नुसतं बर्फ.
सकाळी सातला डेस्मंड प्रुएटचा फोन:
यंत्र दूध जाळतंय. रोज.
"जाळतंय" असं म्हणाला,
जणू मुद्दाम.

पिशवी घेऊन चढण चढले.
हयातभर फेरीबोटींची इंजिनं सांभाळलेला माणूस.
टेबलावर वर्तमानपत्र अंथरून
सगळं ओळीने मांडून बसलेला:
वाफेच्या नळीचं टोक, रबराचं वेटोळं, सुई,
माहितीपुस्तक, पान एकतीसवर लोण्याचा डाग.
"चारही भोकं मोकळी केली, मिस काझलाउस्कस.
क्षार काढले, दोनदा.
दूध बदललं. गायही बदलली असती,
पण ती ब्रूनी बेटावर राहते."

मी म्हटलं, करून दाखवा.

त्याने साठ अंश लावले, बटण दाबलं.
नळी आधी खाकरली, मग घुमू लागली,
दूध भोवऱ्यासारखं फिरलं.
पडद्यावर आकडे: अठ्ठावीस. एकतीस.
जळका वास आला तेव्हा चौतीस.
फेस काठावरून उतरून ताटलीत आला,
आणि यंत्र निवांत म्हणत होतं,
एकोणचाळीस.

ताटलीच्या जाळीतून एक काळा ठिपका डोकावतो,
शर्टाच्या बटणाएवढा. ताप तो मोजतो.
दुधाला तो कधी शिवत नाही.
जग वर ठेवला की बुडाला टेकतो
आणि बूड सांगेल ते खरं धरतो.
मी तो ओल्या फडक्याने पुसला.
वाळलेल्या दुधाचा पापुद्रा निघाला.
पुन्हा केलं. पुन्हा उतू.

तेव्हा कुठे मी जग उचलून बघितला.
मातीचा. निळा. हाताला पाट्यासारखा जड.
बूड बोटभर जाड, मधोमध किंचित पोकळ.
झिलईखाली अंगठ्याचा ठसा.

"हा यंत्राबरोबर आलेला नाही."
"नाही. कोरलीने केलाय. मातीकामाच्या वर्गात."
"आणि स्टीलचा?"
"तो ती घेऊन गेली. लॉन्सेस्टनला.
बाकी सगळं ठेवून गेली, तेवढा एक नेला."
थोड्या वेळाने:
"तिच्याकडे यंत्र नाहीये तिथे. फुलं ठेवते म्हणे."

यावर पान एकतीस काही सांगत नाही.

गाडीत माझ्याकडे स्टीलचे तीन होते.
आणू का, विचारलं. मान हलवली त्याने.
मग यंत्राचं आपोआप बंद केलं,
बाही सरसावली, जगाला तळहात लावला.
काहीच नाही. काहीच नाही. मग एकदम चटका.
"हातालाही उशिरा कळतं," हात झटकत म्हणाला,
आणि हसला, मी आल्यापासून पहिल्यांदा.

"इंजिनखोलीत मीटर बंद पडला तर काय करायचात?"

बोलला नाही. नवं दूध ओतलं.
डोळे मिटले, मान जराशी तिरकी.
आधी कागद फाटल्यासारखी किरकिर,
मग आवाज आत गेला, जाडसर झाला,
मग खाली, आणखी खाली,
लांब कुठेतरी बोट धक्क्याला लागत असल्यासारखा.
"आता," म्हणाला, आणि चावी फिरवली.

मी तापमापी बुडवली. बासष्ट.
त्याला आकडा सांगितला नाही, त्यानेही विचारला नाही.
दोन कप भरले. माझ्या कपातल्या फेसाला
साटीनसारखी चकाकी होती. त्याच्या कपात बुडबुडे.

पावतीवर 'बिघाड' असा रकाना असतो.
'नाही' लिहिलं. खोडलं.
लिहिलं: जगाचं बूड.
फक्त फेरीचे पैसे लावले.

गाडीत बाहीला अजून जळक्या दुधाचा वास.
उताराच्या पहिल्या वळणावर, समोर नदी उघडताना,
मी गिअर बदलला
काट्याकडे न बघता.