बाहेर कुठेही

सत्तर टक्के काळा, की ऐंशी?
सकाळपासून एवढ्यावरच अडून बसले आहे,
कुताइसीत, संग्रहालयाच्या मागच्या खोलीत,
जिथे हीटरची एकच कांडी लाल होते
आणि खालच्या भट्टीतून पाव निघाले
की खिडकीची काच आंधळी होते.

काम तसं साधं.
छोट्या चित्रावर बोट टेकवलं
की ते मोठं होऊन पानाच्या वर यावं,
मागचा मजकूर काळोखात जावा,
पण पार बुडू नये;
बघणाऱ्याला वाटत राहावं, आपण अजून तिथेच आहोत,
नुसते खिडकीपाशी आलोय.

बुडू नये, असं मी आराखड्यात लिहिलं
आणि मग खोडलं.

दोनशे चौदा फोटो, सगळे झेदवेलाचे.
भूगोलाच्या मास्तरांनी काढलेले, शेवटच्या उन्हाळ्यात,
धरणाचे दरवाजे पडायच्या आधी:
मांडवावरून उतरवलेल्या द्राक्षवेली,
चर्चचे दगड, प्रत्येकावर खडूने आकडा,
ट्रकवर चढायला नकार देणारं एक कुत्रं.
मग त्या गावावर पाणी सोडलं.
आधी सरकारने, मागाहून माणसांनी.

मूळ फोटो तळहाताएवढे.
फार ताणले तर चेहऱ्यांचे ठिपके होतात,
म्हणून मी मर्यादा घातली: दुप्पट, त्यापुढे नाही.
गिया म्हणाला, लोकांना जवळून बघायचं असतं.
म्हटलं, जवळ गेल्यावर माणूस दिसतोच असं नाही.

गुरुवारी शेर्मादिन आले, चाचणीला.
एक्क्याऐंशी वर्षांचे, कधीकाळी पुलावरचे राखणदार.
टॅबलेट त्यांनी ताटासारखा दोन्ही हातांत धरला.
अठ्ठ्याऐंशीव्या फोटोत अक्रोडाचं झाड.
बोट टेकवलं. झाड वर आलं.
त्यांनी टोपी काढली.

बऱ्याच वेळाने कोपऱ्यातल्या फुलीकडे बघून म्हणाले,
"ही का? चुकलंय काही माझं?"
म्हटलं, चुकलं नाही, ती बंद करायला.
आणि नाही सापडली तरी बिघडत नाही,
चित्राच्या बाहेर कुठेही टेकवा, काळ्यावर,
मिटतं आपोआप.

"बाहेर कुठेही?"

मला वाटलं, समजलं नाही.
पुन्हा सांगितलं, सावकाश, जरा मोठ्याने,
म्हाताऱ्यांशी आपण उगाचच बोलतो तसं.

"ऐकू येतं मला," ते म्हणाले.
"मास्तर उभा होता ना झाडासमोर,
तिथून डावीकडे चार पावलांवर आमचं दार.
दारात आई बसलेली. तिला म्हणाला,
सरक जरा, तुझी सावली पडते.
ती सरकली."

आणि त्यांनी बोट नेलं फोटोच्या कडेपलीकडे,
माझ्या सत्तर टक्के काळ्यावर,
रात्री घरी परतलेला माणूस
दाराची कडी चाचपतो तसं, नेमकं,
आणि टेकवलं.

चित्र मिटलं.
झाड पुन्हा नखाएवढं,
सत्त्याऐंशी आणि एकोणनव्वदच्या मधे.

ते काही बोलले नाहीत. चहा नको म्हणाले.
टोपी टेबलावर राहिली, ती मी जिन्यात नेऊन दिली.

त्या रात्री एक ओळ बदलली,
फक्त अठ्ठ्याऐंशीसाठी.
फुली चालते तिथे, मागे जायची कळही चालते;
पण बाहेर, डाव्या बाजूला, कितीही टेकवा,
झाड हलत नाही.

सोमवारी गियाने माझ्या स्क्रीनवर चिठ्ठी डकवली:
अठ्ठ्याऐंशी अडकतो. बघ.

बघितलं.
काळा सत्तरवरून साठवर आणला.
चिठ्ठी अजून तिथेच आहे.