डाख

बहिणीच्या दुःखाला खूण नसते.
कुंकू पुसायचं नसतं, बांगड्या उतरवायच्या नसतात.
तेराव्याला माणसं वहिनीपाशी बसली, पोरांपाशी बसली,
मी आत पानं वाढत होते.
कोणीतरी म्हणालं, ताई, भाजीत मीठ जरा कमी पडलंय.

त्याच रात्री देव्हारा रिकामा केला.
अन्नपूर्णा, शंख, आणि तू, पितळेचा रांगता,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
झाकण. वर सुतळी. निरगाठ.
माळ्यावर, जुन्या कुकरच्या मागे.
म्हटलं, बघ आता अंधारात कसं वाटतं ते.

तेरा महिने त्या माळ्याकडे बघून भांडले.
दूध उतू गेलं तरी तुला बोलले.
भाऊबीजेला ताट घासलं, पुसलं, परत फळीवर ठेवलं,
आणि तुला असं काही बोलले
की शेजारच्या म्हात्रेकाकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला.
आई गेली तेव्हा मुकू सहा वर्षांचा, मी पंधराची.
त्याचा ताप, त्याच्या चड्डीची बटणं, त्याचे न येणारे पाढे,
सगळं माझ्या पदरात टाकलंस ना तू?
मग नेताना विचारायचंस तरी.

परवा वरच्यांचा पाइप फुटला.
सिडकोच्या भिंती, पाणी थेट माळ्यात.
प्लंबरनं कुकर काढला, डबा काढला,
म्हणाला, मावशी, यात काय आहे? बुडाला गंज आलाय.

चिंच भिजत घातली.
देवासाठी नाही. पितळ खराब होतं म्हणून.

घासताना अंगठा अडखळला. मनगटावरचा डाख.
मुकूचं काम ते. सात वर्षांचा होता,
हातातला लोण्याचा गोळा सुटतो का बघायला
बत्ता घातला. हात तुटून मोरीत.
मी त्याला बडवलं, मग मीच रडले,
मग तुला रुमालात गुंडाळून दोघं
कळव्याहून चालत जांभळी नाक्याला, कल्हईवाल्याकडे.
तो म्हणाला, जोड दिसणार. चालेल?
मुकू म्हणाला, चालेल. देवाला पण लागतंच ना कधीतरी.

त्या रात्री कुठे होतास?
छताला विचारायचे ते पितळेला विचारलं.
पितळ काय बोलणार.
पण वाशीच्या हॉस्पिटलचा जिना आठवला, पहाटेचे तीन,
आणि रक्त द्यायला आलेला तो माणूस,
कांदा-बटाटा मार्केटातला माथाडी, केसांत कांद्याची सालं.
आमचा कोणी नाही. कुणाच्या तरी फोनवर आलेला.
चहा घेतला नाही. म्हणाला, गाडी खाली करायची राहिलीय, ताई,
आणि माझ्याहून लहान असून
जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तो तू होतास असं मी म्हणणार नाही.
त्याला नाव होतं. दगडू शेळकंदे, जुन्नरकडचा.
त्याचं पुण्य त्याचं.
आणि मुकू तरीही गेलाच.
पण रागाच्या भरात तेरा महिने त्याला विसरले होते मी,
आणि तो हात डोक्यावरून उठलाच नव्हता,
हे आज, चिंचेच्या पाण्यात बोटं बुडवून उभी असताना कळलं.

आणि तू.
ना दिवा, ना आंघोळ, नैवेद्याला माझ्या शिव्या.
झाकण आतून ढकललं नाहीस.
निघून गेला असतास
तर एवढं कोणाशी भांडले असते मी?

देव्हाऱ्यात नाही ठेवलं. अजून नाही.
ओट्यावर, खिडकीत,
जिथून दोन इमारतींच्या फटीत खाडीची एक पट्टी दिसते.
चहात साखर घालताना
चार दाणे त्या डाख दिलेल्या हातावर टेकवले.
माफ केलेलं नाही.
मुकू रात्री उशिरा घरी आला की म्हणायचे, तेच म्हणाले:
आधी खाऊन घे.
भांडण नंतर.