बावीस मिनिटं

आमच्याकडे लेखाची लांबी खाडी ठरवायची.
हामरनेसहून सुटलेली बोट
पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत मिनिटं बावीस.
त्यातली चार गाडीतून उतरून जिना चढण्यात,
तीन कॉफीच्या रांगेत,
दोन कुणाच्या तरी जावयाच्या गुडघ्यावर बोलण्यात.
उरल्या तेरांत जेवढं वाचून व्हावं
तेवढं लिहायचं.

"दोन हजार शब्द," तोरुन म्हणाली पहिल्या दिवशी,
"वारा उलटा असेल तर शंभर जास्त."
मी हसलो.
ती खिडकीतून पाण्याकडे बघत होती.

मग पाण्याखालून बोगदा आला.
सहा मिनिटं, हात स्टिअरिंगवर, फोनला रेंज नाही.
आणि ऑस्लोहून एक मुलगा आला,
चांगला होता, येताना केक घेऊन आला,
आणि एक आलेख, डावीकडून उजवीकडे घसरत जाणारा,
उतारावर कुणाची बादली कलंडावी तसा.
"चौथ्या परिच्छेदाशी माणसं उतरून जातात," म्हणाला.
तोरुनने विचारलं, "तिथे धक्का आहे का?"
त्याने तेही नम्रपणे लिहून घेतलं.

ठरलं: तीनशे.

मला कापता येतं. खोटं कशाला बोलू,
कापायला आवडतंही.
नमनाचं घडाभर तेल मी एका दमात ओतून देतो;
विशेषणं तर काट्यांसारखी आपण होऊन सुटतात,
मासा नीट शिजला असेल तर.
त्याच हातांनी मी एलिफचा लेख कापला,
ओडमुंडवरचा. बोटीच्या इंजिनघरात एकतीस वर्षं,
दिवसातून चौदा वेळा खाडी ओलांडलेला
आणि मधोमधची खाडी कधीच न पाहिलेला माणूस.
चार हजार शंभरांचे दोनशे नव्वद केले.
नाव राहिलं, वर्षं राहिली,
निरोपाला दिलेलं घड्याळ राहिलं.
साठा उत्तरांची कहाणी पाचांत बसली.
सुफळ म्हणा हवं तर.
संपूर्ण म्हणायला जीभ रेटेना.

गुरुवारी ओडमुंड स्वतः आला,
टोपी हातात, बूट दाराबाहेर काढून.
तक्रार नव्हती. म्हणाला, "बाकीचं कुठे ठेवता?"
बाकीचं?
"कापलेलं. गुडवेगला हवंय."
कारखान्याच्या मागच्या दाराशी
कॉडची मुंडकी मागायला पोरं येतात, तसा उभा होता.
पोरांना ठाऊक असतं,
जीभ मुंडक्यातच राहिलेली असते.

आम्ही सगळं लावलं.
पत्र्यावर पाणी कसं आपटतं
यावरून तो काठ ओळखायचा, ते.
एकदा रात्री वर कुणाचीतरी शवपेटी होती,
आणि कुणी न सांगता
त्याने इंजिन जरा हळू ठेवलं होतं, ते.
चार हजार शंभर.

ऑस्लोहून फोन आला.
"एक जण एक्कावन्न मिनिटं तिथेच आहे.
स्क्रीन उघडी ठेवून झोपला बहुधा."
झोपला नव्हता.
गुडवेग मोठ्याने वाचत होती, बटाटे खाली लागत होते,
आणि तो दर दोन ओळींनी तिला अडवत होता:
बुधवार नव्हता तो.
डावीकडचा व्हॉल्व्ह, उजवीकडचा नाही.
थांब, हे परत वाच.

म्हणून लांबच लिहावं, असं नाही.
फेब्रुवारीत बोगद्यात पाणी शिरलं.
एलिफने हात चोळत विचारलं, किती लिहू?
तोरुनने त्याच्या पुढ्यातला की-बोर्ड ओढला.
"बोगदा बंद. सगळे बाहेर आले. जुनी बोट सातला सुटेल."
नऊ शब्द.
अख्ख्या गावाने शेवटपर्यंत वाचले,
चौथ्या परिच्छेदाशी कुणीही उतरलं नाही.

बाहेर वारा उलटा होता.
नियमाने माझ्याकडे शंभर शब्द शिल्लक होते.
ते कोटाच्या खिशात घातले
आणि सातच्या बोटीला निघालो.